उघडा खिसा

पारोळ्याला, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत
माझं मशीन उंबऱ्याकडे तोंड करून बसतं,
मी त्याच्या मागे.
येणाऱ्याला आधी ते दिसतं, मग मी.
बरंच आहे. भाव तेच ठरवतं:
हाताला वीस रुपये, दोरा माझा, कापड तुमचं.

आखाजीला गल्ली भरते.
माहेरी आलेल्या पोरी गाठोडी सोडतात:
विटलेलं नऊवार, बाळंतपणातले गाऊन,
एकीने तर शाळेचा निळा पिनाफोर आणला,
म्हणाली, हा बरोब्बर मध्ये घाल.
बाहेर त्रेचाळीस डिग्री, पत्रा तडतडतोय,
आणि मी सगळ्या गल्लीचा पौष मांडीवर घेऊन
कपाळ पुसते मनगटाने.
बोटं कोरडी लागतात.

सुपडाबाई येतात. काम नसतंच.
चाळीस वर्षं हाताने टाके घातलेत त्यांनी.
माझ्या गोधडीची कड चिमटीत धरतात:
"मशिनवरनी गोधडी? तिले काय ऊब राही?"
"आक्का, पांघरीसन देखा."
पांघरत नाहीत.
पण चहा संपेपर्यंत कड सोडतही नाहीत.

खरं सांगू, त्यांचं थोडं बरोबर आहे.
हाताचा टाका बोलण्याच्या भरात
एखादा लांब पडतो, एखादा रुसून तिरका जातो.
माझं मशीन कुणाचं ऐकायला थांबत नाही,
खडूच्या रेघेवरून धुळ्याच्या हायवेसारखं सुटतं.
सहा थर असले की एकवीस नंबरची सुईही मोडते,
शेजारचा लोकेश पलीकडून गोधडी ओढून धरतो
आणि एका गोधडीमागे एक कुल्फी घेतो.
शेवटचा कोपरा मात्र मी हातानेच घालते.
त्याचे पैसे लावत नाही.
कुणाला कळतही नाही.

माझी स्वतःची?
आहे ना, पेटीत. सात वर्षं झाली.
प्रत्येकीची बोटभर पट्टी उरते,
विचारून ठेवून घेते.
त्या निळ्या पिनाफोरचीही आहे.
थंडीत मी अजून चादरच घेते, दुहेरी करून.

मागच्या मार्गशीर्षात कोकिळाबाई आल्या.
पिशवीत पाच खाकी शर्ट.
"मालक अमळनेर डेपोत कंडक्टर होते,"
आणि "होते" म्हणताना
पिशवीचा बंद त्यांनी बोटाला दोनदा गुंडाळला.
शर्ट धुतलेले, वर इस्त्री केलेली.
इस्त्रीच्या कापडाला कात्री लावणं अवघड,
ते अजून कुठेतरी जायला निघालेलं असतं.
बटणं काढून वाटीत टाकली. कॉलरी उसवल्या.
खिशाला हात घातला तेव्हा म्हणाल्या,
"एक राहू द्या. उघडा."
"काय ठेवणार त्यात?"
त्यांनी जरा विचार केला.
"सुटे. जन्मभर सुट्यांवरूनच भांडले लोकांशी."

सरळ पळणाऱ्या मशीनला
खिशापाशी थांबवावं लागलं,
सुई आत रोवून, पाय उचलून, कापड वळवून,
तिन्ही बाजूंनी. तोंडावर टाका नाही.
एवढ्या वीतभर जागेला अख्खी संध्याकाळ गेली.
लाईट एकदा गेली, तीही त्यातच.

परवा गोधडी परत आली. कड सुटली होती.
सुई नाण्यावर आपटू नये म्हणून
खिसा आधी चाचपला:
बडीशेपेचे चार दाणे. बाकी काही नाही.
दाणे तसेच राहू दिले, कड मारून दिली.
दहा रुपये झाले.
त्यांनी वीसची नोट काढली.
माझ्या डब्यात दहा नव्हते.
त्यांच्या बटव्यातही नव्हते.
दोघींनी एकदमच त्या खिशाकडे पाहिलं,
आणि कोकिळाबाईंना हसू आवरेना,
हसता हसता डोळ्याला पदर लावला.

मग मी तो खिसा उलटवला,
आतल्या बाजूला, तिकिटामागे लिहितात तसं,
शिंप्याच्या खडूने लिहून दिलं:
दहा बाकी.