अडतीस चौकोन

तारमोने चौकटीच्या वहीचं पान फाडलं,
अडतीस चौकोन मोजून भोवती रेघ मारली
आणि फ्रिजवर चिकटवलं.
एक चौकोन म्हणजे एक चौरस मीटर.
बँकेतला आकडा कोरडा असतो, तो म्हणाला,
फरशी कशी, डोळ्यांना दिसते.

तेव्हापासून आम्ही पैसे नाही,
फरशी साठवतो.

थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात.
आमच्या योएन्सूच्या आसपास तळी आयती आहेत, हवी तेवढी.
थेंब तेवढे मिळत नाहीत.

ऑगस्टात बेरी.
इथे जंगल कुणाचंही असो,
बेरी वेचणाऱ्याची.
डासांना रक्त द्यायचं, निळी बोटं घेऊन घरी यायचं.
बाजारात शेवटची बादली रिकामी झाली
की तारमो निळी पेन्सिल जिभेला लावतो,
पाऊण चौकोन रंगवतो.
उरलेला पाव सप्टेंबरच्या लाल बेरीच्या नावावर.

हिवाळ्यात हॉकीचे सामने.
लोक गोल मोजतात, आम्ही बाटल्या.
दुकानातलं यंत्र एकेक बाटली गिळतं,
ढेकर देतं,
आणि पाच युरो चाळीसची चिठ्ठी काढून देतं.
पहिल्या दिवशी मी टोपी भुवयांपर्यंत ओढली होती.
आता यंत्र अडलं तर मी त्याला थोपटते.

त्याचे केस मी कापते.
डावा कान अजून जागेवर आहे,
ही त्याची पुण्याई.

गाडी विकली.
तिच्या जागेवरचा विजेचा खांब,
जो थंडीत इंजिनाला ऊब देतो,
तो दुसऱ्या मजल्यावरच्या हिल्काला दिला महिन्याच्या भाड्याने.
आम्ही भाडेकरू,
आणि आम्हाला एक पोटभाडेकरू!
त्या रात्री आम्ही जमीनदारासारखे झोपलो.

इमारतीच्या सौनातला शनिवारचा तासही सोडला.
हे मात्र आईला सांगितलेलं नाही.
कर्ज काढलं असतं तर तिने माफ केलं असतं.

चोवीस चौकोन निळे झाले होते
तेव्हा फेब्रुवारीत वेइक्कोचा फोन आला.
तारमोचा थोरला भाऊ. सुतार.
बर्फाबद्दल बोलला,
मग पुन्हा बर्फाबद्दलच बोलला,
आणि ठेवताना म्हणाला,
करवत विकली.

तारमो बराच वेळ फ्रिजसमोर उभा.
दार उघडलं नव्हतं.
शेवटी खोडरबर मीच शोधून दिलं.

सात चौकोन.
रंगीत पेन्सिल नीट खोडली जात नाही,
कागद नुसता फिका होतो, थोडा केसाळ.
हिशेबात ते सात धरायचे नाहीत असं ठरलं.
पण पानावरून बोट फिरवलं
तर तेवढ्याच जागी कागद मऊ लागतो.

आज तेवीस.
कधी झोप नाही आली तर
मी भाड्याच्या फरशीवर दोरीने तेवीस चौकोन मांडते.
पलंग मावतो. टेबल अर्धं बाहेर राहतं.
स्वयंपाकघर अजून बेरीच्या झुडपांवर आहे,
न्हाणीघर पुढच्या मोसमातल्या कुणाच्या तरी तहानेत.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरंय,
पण मी आधी पाय पसरून बघते,
मग दोरी सरकवते.

परवा बसच्या पार्सलातून काहीतरी लांबट आलं,
जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.
बर्चचं लाकूड, हाताने रंधलेलं,
मध्ये किंचित खोलगट,
जणू वर्षानुवर्षं पावलं पडून झिजल्यासारखं.
पत्र नव्हतं. वेइक्को पत्र लिहीत नाही.

उंबरठा.

आम्ही तो पलंगाखाली सरकवून ठेवलाय.
भिंत नाही, दार नाही, पत्ता नाही.
काल तारमो पेन्सिल घेऊन पानासमोर थांबला,
जिभेला लावली, पुन्हा खाली घेतली.
सायमी, त्याने विचारलं,
हा कितव्या चौकोनात धरायचा?