पाव इंच

आचारसंहिता लागली की जिंतूर ठाण्यात
बंदुका जमा व्हायला लागतात,
पोत्यात, चादरीत,
एक तर लग्नातल्या शालीत गुंडाळलेली.
मी रजिस्टर ओढते. नाव, गाव, परवाना, बोअर,
काडतुसं किती नग.

रंगनाथ कुटे, चारठाणा.
बारा बोअर, दुनळी, आजोबाच्या वेळची.
परवाना पीक संरक्षणाचा.
काडतुसं अकरा.
नऊ लाल, बुडाचं पितळ काळवंडलेलं.
दोन हिरवी, कोरी करकरीत,
अंगावर लिहिलेलं मॅग्नम.
"भाच्यानं आणलेत. लई भारी असत्यात म्हणं."
रकाना विचारतो, प्रकार?
माझा पेन तिथंच थांबतो.

तपासणीला परभणीहून आलेले सालेह चाऊस
चहा बशीत ओततात.
पणजोबा निजामाच्या पलटणीत होते,
हे मात्र जन्मभर
दुसऱ्यांच्या बंदुकांचे घोडे दुरुस्त करत बसलेले.
चाऊसभाई, किती दारू भरली की मॅग्नम?

"असा आकडाच नाही, बाई.
माप नाही, कायदा नाही. कारखान्याची मर्जी.
पण एकटंच कुणी मॅग्नम होत नसतंय.
आधी एक साधं लागतंय, तेवढ्याच जाडीचं.
मग त्याच्या शेजारी हे उभं करायचं,
दारू जास्त, दाब जास्त.
रायफलीत असलं तर गोळी जोरात पळती.
ह्याच्यात छर्रे वाढत्यात,
वेग म्हणाल तर कधी कधी कमीच.
नाव म्हणं विलायती बाटलीवरून पडलं,
दोन बाटल्यांची एक बाटली."
बशी ठेवली, मिशीतल्या मिशीत हसले.
"दारू इकडं बी, तिकडं बी."

रस्त्यापलीकडं पोरं
फ्लेक्स उतरवत होती, आचारसंहितेचाच.
चेहरा तोच, गल्लीतला.
नावाच्या आधी चार शब्द वाढलेले.

मग त्यांनी दुनळी मोडली,
नळीच्या मागच्या तोंडात बोट फिरवलं, पट्टी घातली.
पावणेतीन इंच.
हिरवं काडतूस उचललं, आत सोडलं.
बसलं की! कुटे खूश.
"बसणारच. मिटलेलं आहे ना.
तोंड दुमडून आत घेतलंय त्यानं.
तीन इंच हे उघडल्यावरचं माप.
उडताना ते उघडणार,
आन् उघडायला पाव इंच जागा नाही.
दाब जाणार कुठं?"

"मंग डुकराला नाही चालायचं?"
"डुकराला चालंल की.
तुमच्या डोळ्याला चालायचं नाही."

कुटेंनी दुनळीकडं पाहिलं,
घरातलं जुनं माणूस अचानक खोकल्यावर
पाहावं तसं.

गेल्या महिन्यात मला तिसरी फीत मिळाली.
खुर्ची तीच, तिचा एक पाय आखूड.
खांद्याची रुंदी शिंप्याच्या वहीत आहे तेवढीच आहे.
आता ठाण्यात सगळे हवालदार मॅडम म्हणतात.
घरी टोपी खुंटीला लावते, सासूबाई विचारतात,
आज उशीर?
मी काही बोलत नाही. भाकरी थापायला घेते.
अगदी व्यवस्थित बसते
त्या पावणेतीन इंचात.

दोन्ही हिरवी काडतुसं वेगळ्या पाकिटात घातली,
लाख लावली, सही घेतली.
प्रकाराच्या रकान्यात लिहिलं मॅग्नम,
आणि शेऱ्यात, चाऊसभाई सांगतील तसं:
सदर काडतूस सदर बंदुकीत बसते.
इथं त्यांनी हात वर केला.
"थांबा. एवढ्यावर पूर्णविराम देऊ नका."
आणि उरलेला चहा ओतायला
पुन्हा बशी शोधू लागले.