मधली नस

बाई म्हणाली, रातले हात मरी जास,
सकायले जित्ता व्हस.
मी केसपेपरवर लिहिलं : बधिरपणा, रात्री अधिक, दोन वर्षं.
तिच्या वाक्यासाठी त्या कागदावर रकाना नव्हता.

अमळनेरची मथाबाई. एसटीनं धुळ्याला आलेली.
लग्नसराईत मांडे करते.
उपड्या खापराखाली पऱ्हाट्यांचा जाळ,
आणि तिच्या दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत,
पुरणाचा उंडा ओढ खात पसरत जातो
इतका पातळ, की आतलं पुरण उजेडाला दिसतं.
एका लग्नाला दीडशे. त्या वैशाखात अकरा लग्नं.

अंगठ्याच्या मुळाशी मांसाची उशी असते.
तिची बसलेली, हवा गेलेल्या पुरीसारखी.
उशीर केला, मी म्हणालो.
लगीनन्या तारखा मी काढस का?

मनगट बधिर केलं, माणूस जागा ठेवला.
हिरव्या कापडापलीकडून आवाज आला : काय दिसस?
दोन सेंटिमीटरची चीर. पांढरा, चिवट पट्टा.
तो कापला तशी खाली नस,
मध्येच चपटी.
काय दिसस, डाक्टर?
शेवई, मी म्हणालो. पाटाखाली सापडलेली.
ती हसली, बोटं हलली,
भिंगाखाली नऊच्या नऊ कंडरा मागंपुढं सरकल्या
आणि त्या फिक्या नसेवर
हळूहळू गुलाबी चढू लागलं.

सहा आठवड्यांनी आली. झोप लागस, म्हणाली.
चिमटीचा जोर मापला : तीन किलो. आधी अडीच होता.
उशी भरली नव्हती. भरणारही नव्हती.
मांडा आता सून ओढते,
ही तिच्या कोपरांखाली हात धरून उभी,
फाटला तर झेलायला.

डब्यात दोन मांडे आणले होते.
मी केसाहून बारीक धाग्यानं शिवणारा माणूस,
घरी कणीक भिजवून घेतली, एक ओढून पाहिला.
मनगटावरच फाटला.

याला झाली दोन वर्षं.
हल्ली तीनच्या सुमाराला उठतो,
बायको जागी होऊ नये म्हणून न्हाणीत जातो
आणि उजवा हात झटकतो,
पाणी निथळावं तसा.
उजाडेपर्यंत जित्ता व्हस.
नऊला पहिली शस्त्रक्रिया.
कळतं, उशीर करतोय.
पण तारखा पौषापर्यंत भरल्यात.