उतारा

खिडकी क्रमांक तीन. काचेला अर्धगोल भोक,
त्यातून बावीस वर्षं मी लोकांचे गुण बाहेर सरकवतेय.
उताऱ्याचे दहा डॉलर. शिक्का फुकट.

पा हुआ लोर पहिल्यांदा आली तेव्हा
तिच्या नखांत माती होती, हातांना गवती चहाचा वास.
शनिवारी आईबरोबर बाजारात कारली मांडायची,
बाकीच्या रात्री टोमॅटोच्या कारखान्यात,
आणि सकाळी आठला, डोळे चोळत, कॅल्क्युलस.
दोन वर्षांचं कॉलेज.
तिला साडेपाच लागली.

"हे एक अक्षर काढता येईल?"
बोट ठेवलं तिनं. तिसरं सत्र, भौतिकशास्त्र,
आणि समोर एकटाच डब्ल्यू.
म्हणजे सोडला. नापास नव्हे, सोडला.
त्या सत्रात वडील डायलिसिसच्या खुर्चीत होते
आणि गाडी चालवणारं घरात दुसरं कुणी नव्हतं,
हे छापायला आमच्याकडे रकाना नाही.
नाही निघत, मी म्हटलं.
बरं, ती म्हणाली.
पाकिटावर शिक्का मी जरा जास्तच जोरात मारला.

नोव्हेंबरअखेर या खोऱ्यात असं धुकं उतरतं
की पार्किंगमधली आपलीच गाडी चाचपून शोधावी लागते.
त्याच आठवड्यात अर्जाची मुदत.
लायब्ररीत ती लिहीत होती, पुसत होती:
स्वतःबद्दल सांगा, साडेतीनशे शब्दांत.
भूमापन शिकवणारे म्हातारे अल्मेडा सर
शेजारी बसून सँडविच खात होते.
तुकडे झटकून उठताना एवढंच म्हणाले,
"कालवा लिही."

तो कालवा कॉलेजच्या पाठीमागून जातो.
सरांनी पोरांना तिथं तिपाई देऊन उभं केलं होतं.
सांगा, उतार किती?
डोळ्यांना काही दिसेना. सगळं ताटासारखं सपाट.
मोजलं तेव्हा निघाला, मैलाला फूटभर.
काही ठिकाणी तेवढाही नाही.
आणि तेवढ्यावर पाणी जातं
पार बदामांच्या बागांपर्यंत,
घाई नाही, थांबणं नाही.

एप्रिलमध्ये उत्तर आलं.
समुद्राकाठचं विद्यापीठ, स्थापत्य, पाण्याची शाखा.
शंभरातले सहा घेतात म्हणे.
फोन काचेला टेकवून तिनं मला दाखवला
आणि माझ्याकडे नाही, आमच्या प्रिंटरकडे बघत रडली.

मग जुलैत यादी आली. काय धरलं, काय नाही.
कॅल्क्युलस धरलं.
भौतिकशास्त्र, दुसऱ्यांदा केलेलं, तेही धरलं.
भूमापन शून्य.
तिकडे त्या नावाचा विषयच नाही.
जिथं मोजायला शिकली, नेमकं तेवढंच मोजलं नाही कुणी.
मीच चिडले. अपील कर, फॉर्म आहे माझ्याकडे.
तिनं फॉर्म घेतला, घडी घातली, खिशात ठेवला.
"अल्मेडा सरांना सांगू नका," म्हणाली.
मी नाही सांगितलं.
त्यांना ठाऊक असणार. इतकी वर्षं
त्यांची पोरं तिकडे जातायत.

ऑगस्टमध्ये शेवटचा उतारा न्यायला आली.
बरोबर आई. लाओसच्या डोंगरातली,
इंग्रजी अक्षर येत नाही.
काचेच्या भोकातून मला कारल्यांची पिशवी द्यायला बघत होती.
भोक लहान पडलं.
शेवटी दारातून वळसा घालून आत आली,
पिशवी टेबलावर ठेवली,
आणि पाकिटात जायच्या आधी त्या कागदावरून
वरपासून खालपर्यंत सावकाश हात फिरवला,
साडेपाच वर्षांवरून, त्या डब्ल्यूवरून,
पार माझ्या शिक्क्यापर्यंत.

हाताला काही लागलं नसणार.
कागद सपाटच होता.