काट्यावर

दारव्ह्याच्या जिनिंगात
कापसाच्या ट्रॉल्या मागे घेताना
देवमन ढोणे दोन्ही हात वर करतो,
मुठी आवळतो.
म्हणजे थांब.
ट्रॅक्टरवाली पोरं हसतात.
एकेकाळी या मुठींकडे बघत
पायलट विमान डेकच्या कडेपर्यंत आणत,
चाकापुढे वीतभर लोखंड, मग समुद्र.

मी काट्यावर बसतो, पावत्या फाडतो.
परवा पेपर पुढे सरकवून त्यानं विचारलं,
"तुया काटा किती घेते?"
"साठ टन."
"मंग नाई जमत."
त्याचं जहाज भंगारात गेलं होतं,
टनाच्या भावानं.
विमानांचं वेगळं.
एक कुठल्याशा चौकात, खांबावर,
पोटात कबुतरं.
बाकीच्यांचे पंख कापून...
इथं तो तंबाखू मळत बसला.

दिवेलागणीला शेवटची ट्रॉली गेली.
अंगावरचा कापूस झटकत
देवमन काट्याच्या मधोमध उभा राहिला,
पाय फाकवून,
खालचं लोखंड आत्ता डुलेल असा.
"पाह्य बरं, किती भरतो."

साठ.
किलो.

पावतीवर दोन रकाने असतात,
भरलेलं वजन, रिकामं वजन.
कोणत्यात लिहू कळेना.
पेन परत कानावर ठेवलं.