सोमवारी काथ्या भिजवताना

बाबांनी मला इंग्रजी अक्षरं शिकवली ती दगडांवरून.
जी फॉर गनर. डी फॉर ड्रायव्हर.
पी फॉर प्रायव्हेट,
त्याचा अर्थ खासगी, हे पुढे शाळेत कळलं
आणि मला वाटलं, बरोबरच आहे की,
मरण ही खासगीच बाब.

देवळाली कॅम्प, बावीस दगड.
एक कललेला, कडुनिंबाच्या मुळीने ढोसलेला.
बाबा, रायभान कटारे, रोजंदारीवरचे माळी,
दर सोमवारी ओल्या काथ्याने दगड घासत.
साबण नको, साबण दगडाला खातो, म्हणत,
आणि घासता घासता त्यांच्याशी बोलत आमच्याच बोलीत:
"काय रे भाऊ, शेवाळ पांघरून बसलास?
मान वर कर."

यातल्या एकानेही लढाई पाहिली नव्हती.
जहाजाची वाट पाहत थांबलेले हे,
बराकीत पत्ते कुटत, घामोळं खाजवत.
कुणाला ताप आला, कुणाला हगवण.
एक भर श्रावणात दारणेत उतरला.
आणि हार्डकॅसल, वय एकोणीस,
त्याचं म्हणे डोकं फिरलं,
रात्री रुळांवरून चालत निघाला समुद्र शोधायला.
लहवितपर्यंत पोचला.
बाबा त्याला लहवितकर म्हणत.

मी एकोणिसाची झाले त्या दिवशी
त्याच्यासमोर उगाच उभी राहून आले.
आता चव्वेचाळीस.
बावीसही जणांची आई शोभेन.

एकदा एक म्हातारी बाई आल्या विलायतेहून,
पर्समध्ये फोटो, फोटोत कान पुढे आलेला पोरगा.
त्यांना त्याची माती हवी होती, डबीभर.
कबरीजवळ खणायची सक्त मनाई.
बाबांनी कोपऱ्यातल्या वाफ्यातली दिली,
शेणखत घातलेली, चाळलेली.
बाई रडल्या. मी बाबांकडे पाहिलं.
"काहीही रुजेल त्यात," एवढंच म्हणाले ते,
आणि पाइप गुंडाळायला लागले.

लोक लॅम रोड म्हणतात त्या रस्त्याला
बाबा लामेचा रस्ता म्हणायचे.
त्यांचा आजा धोंडू याच रस्त्याने लामेवर गेला,
बसऱ्याला, खेचरं हाकायला.
परत आली एक घोंगडी आणि सत्तावीस रुपये.
घोंगडी त्याची नव्हती,
त्याच्या घोंगडीला काळी किनार होती, असं आजी म्हणे.
त्याच्या बायकोने अकरा वर्षं कुंकू पुसलं नाही.
बाराव्या वर्षी कुणीतरी समजावलं,
का कुंकूच संपलं,
घरात दोन्ही गोष्टी सांगतात.

मी बाबांना विचारलं होतं,
आपल्या धोंडूआज्याचा दगड कुठे असेल?
त्यांनी काथ्या पिळला.
"वाळूत दगड कुठून आणणार?"
मग बराच वेळ लहवितकरची पाठ घासली,
पाठीवर तर काही लिहिलेलंही नसतं.

आजही माळावर तोफांचा सराव चालू आहे.
आवाज आला की घरांच्या काचा थरथरतात,
द्राक्षबागेतून साळुंक्यांचा थवा उठतो
आणि जरा वेळाने तिथेच बसतो.
गवतावरचं दव तेवढं हलतं.
माझा लेक तिकडे भरतीची तारीख बघून आलाय,
कागद फ्रिजवर लावलाय, बोलत नाही कुणी.
अठरा पूर्ण, उंची पाच फूट सात.
त्याचेही कान जरा पुढेच आहेत,
हे मला कालच दिसलं,
जेवताना, बल्बच्या उजेडात.

बाबा गेले, कळकट बादली उरली.
सोमवार आहे. पाणी गार आहे, नाशिकच्या जानेवारीचं,
बोटं वळत नाहीत.
कुठेतरी, खजुरांच्या गावात,
एखादी बाई सकाळी अंगण झाडत असेल,
आणि खाली कोण आहे तिला माहीत नसेल,
तरी पाणी शिंपडत असेल
धूळ बसावी म्हणून.

काथ्या भिजला.
लहवितकर, मान वर कर.