बुडाकडून वाचावं

जाणकार माणूस भांडं आधी उपडं करतो.
कमळं, वटवाघळं, ढगांत शेपूट हरवलेला ड्रॅगन,
हे सगळं गिऱ्हाइकासाठी.
त्याला हवं असतं बूड :
बिनझिलईची कड, तिला भट्टीत चिकटलेली वाळू,
आणि मधोमध
निळ्या दुहेरी वर्तुळात सहा अक्षरं.

वर्तुळं माझी.
अक्षरं माझ्या नवऱ्याची, ख्वांग देशंगची.
एकतीस वर्षं जिंगदजनच्या एकाच गल्लीत, एकाच बाकावर,
त्याच्या उजव्या हाताला माझा डावा कोपर.
वर्तुळाला काय लागतं, लोक म्हणतात.
खरंच आहे. ब्रश हलवायचाच नसतो.
चाक फिरतं, भांडं फिरतं,
आपण श्वास धरून थांबायचं.
रुसून गेलेली पोर दाराशी परत यावी
तशी रेघ निघाल्या जागी येऊन टेकते.

तो लिहायचा : महान मिंग, छंगह्वा वर्षांत घडवलेलं.
पाचशे वर्षांपूर्वीचा सम्राट
गेल्या मंगळवारच्या मातीवर.
मालक याला आदर म्हणायचा.
ख्वांग काहीच म्हणायचा नाही.
कोबाल्ट लावताना काळपट दिसतं, निळं होतं ते आगीत.
‘काळं आपण लिहायचं, निळं दुसऱ्यानं वाचायचं,’
एवढंच एकदा बोलला, तेही दारू जास्त झाल्यावर.

हाँगकाँगचा एक व्यापारी भिंग लावून बसला होता.
‘वर्ष’ या अक्षराची तिसरी आडवी रेघ
शेवटी किंचित उचललेली.
म्हणाला, हा जुना हात नव्हे,
हा माणूस कुठेतरी जिवंत आहे.
वाडगा परत आला, पगार कापला गेला.
ख्वांग त्या रात्री भांडी विसळताना गुणगुणत होता.

आता तो हात मांडीवर पडून असतो,
चमचासुद्धा धरत नाही.
मालक म्हणतो, रबरी शिक्का करून घेऊ,
तू वर्तुळं काढत राहा.

म्हातारे सांगतात, मागे कधी
इथल्या अधिकाऱ्यानं हुकूम काढला :
भांड्यावर सम्राटाचं नाव नको.
भांडं फुटतं, खापरी उकिरड्यावर जाते,
नाव कुत्र्यांच्या पायाखाली येतं.
अक्षरवाल्यांचे हात रिकामे झाले,
वर्तुळवाल्यांना मात्र कुणी थांबा म्हणालं नव्हतं.
ते काढत राहिले.
आत कुणी पान रंगवलं, कुणी ससा,
पुष्कळांनी काहीच नाही.
पहाटेच्या बाजारात टॉर्चच्या उजेडात
तसल्या खापऱ्या अजून मिळतात :
दोन कुंपणं, आत पांढरं अंगण.

काल एक वाडगा मी शिक्क्याच्या रांगेत लावला नाही.
कच्चाच घरी आणला, बसमध्ये उभ्यानं, पोटाशी धरून.
स्टुलावर उपडा ठेवला. म्हटलं, मी घट्ट धरते,
तू नुसता ब्रश टेकव.
त्यानं डाव्या हातानं घेतला.
एकच रेघ. वाकडी, वर्तुळ ओलांडून गेलेली,
आणि शेवटी
किंचित उचललेली.

भट्टी शनिवारी लागते.
तोवर ती काळीच दिसणार.